हनुवटीतली बकरी

आबासाहेबांच्या हनुवटीत बकरी राहायची, डाव्या कानात घोडा आणि पोटात बेडूक. हनुवटी दाबली की बकरी ओरडायची, कान ओढला की घोडा खिंकाळायचा. घोडा अस्सल होता. मलकपेठेत रेसकोर्सच्या शेजारी जन्म काढलेल्या माणसाचा घोडा तसा असायलाच पाहिजे. बेडकाबद्दल मी बोलत नाही, जेवणानंतर तो न दाबताही ओरडायचा.

ही सगळी जनावरं एकाच गिऱ्हाइकासाठी पाळलेली होती, ती म्हणजे नात तन्वी. तिला तिसरं संपत आलं होतं, पण तोंडातून एक शब्द फुटला नव्हता. हसायची, रुसायची, बोट धरून फ्रिजपर्यंत न्यायची. बोलायची मात्र नाही.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. शाळा देगलूरला झाली, नोकरी हायटेक सिटीत लागली. कंपनीत मी विम्याच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो, पण गळ्यात ओळखपत्राचा पट्टा दिसल्यावर आबासाहेबांच्या लेखी मी कम्प्युटरचा डॉक्टर झालो. गीझर बिघडला तरी हाक मलाच.

ते स्वतः कोर्टात दुभाषी होते. साक्षीदार दखनीत रडो, तेलुगूत भांडो, नाहीतर आदिलाबादकडच्या मराठीत शिव्या देवो, हे न्यायाधीशापुढे त्याचं स्वच्छ इंग्रजी करून ठेवायचे. माणूस भाषांवरच जगला होता, आणि त्याच्याच घरात पोर मुकं.

एका संध्याकाळी मुलगा पराग आणि सून अनुराधा तन्वीला दवाखान्यातून घेऊन आले, तेव्हा मी खालीच चहा पीत होतो. परागनं सांगितलं, "दवाखान्यातल्या बाई म्हणतात, घरात भाषा फार झाल्यात. एकच ठेवा."

"म्हणजे मराठी," आबासाहेब म्हणाले.

अनुराधा चप्पल काढता काढता थांबली. "बाबा, शाळेत तिच्याशी मराठी कोण बोलणारे? आम्ही इंग्लिश ठरवलंय."

"हरकत नाही. मला येतं." त्यांनी दुधाचा पेला उचलला आणि नातीपुढे धरला. "तन्वी, यू आर हिअरबाय डायरेक्टेड टू कन्झ्यूम द मिल्क."

मी हसलो. परागलाही हसू आलं. अनुराधाचे डोळे मात्र भरून आले. "बाबा, थोडे दिवस तुम्ही तिच्याशी बोलूच नका ना. प्लीज. ती बोलायला लागली की मग हवं तेवढं बोला."

आबासाहेबांनी पेला हळूच खाली ठेवला. "ऑर्डर समजली," म्हणाले.

आता अडचण अशी की पराग ऑफिसात, अनुराधा बँकेत आणि दिवसभर पोर आबासाहेबांकडे. मग बोलणार कोण? टॅब. बाईंनीही लहान मुलांचा एखादा बोलका गेम थोडा वेळ द्यायला हरकत नाही, असं म्हटलं होतं. रविवारी आबासाहेबांनी मला खाली बोलावलं. "तू एकेक हजर कर. निकाल मी देतो."

मी फुगे फोडायचा गेम लावला. ढॅण ढॅण संगीत सुरू झालं. "हा साक्षीदार फार ओरडतो. काढ."

दुसऱ्यात एबीसीडी होती. 'डी'पाशी पोचतो तोच मध्ये रमीची जाहिरात उगवली.

"ही अक्षरं शिकायच्या आधी जुगार शिकेल रे!"

"रेसकोर्सच्या शेजाऱ्यानं हे बोलावं का, आबा?"

"शहाणपणा नक्को. पुढचा."

पुढच्यात तारे, नाणी, बक्षिसं, आणि संपायचं नावच नाही. "हा पोरीला जागेवरून उठू देणार नाही."

चौथा मी मुद्दाम लावला. तो मराठी होता. एक बाई गोड आवाजात म्हणाली, "ही बघा गाय. गाय कशी हंबरते?" जमिनीवर ठोकळे मांडत बसलेल्या तन्वीनं मान वर केली. आबासाहेबांनी तो शेवटपर्यंत ऐकला. पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा ऐकला. मग स्वतःच्या बोटानं बंद केला.

"फार चांगला आहे. पण आपल्या अधिकारक्षेत्राबाहेर."

शेवटी इंग्रजी वाडीचा एक गेम निघाला. जनावराला बोट लावलं की बाई सावकाश नाव सांगायची, जनावर ओरडायचं आणि मग सगळं शांत. जाहिरात नाही, बक्षीस नाही. आबासाहेबांनी बकरीला चार-पाच वेळा बोट लावून तिची उलटतपासणी घेतली. "दर वेळी तेच उत्तर. पढवलेली आहे, पण पोरांना पढवलेलाच साक्षीदार बरा. आणि बघ, बोलून झालं की ही बाई थांबते. मुलाला जागा देते. ही चालेल."

मी चिडवलं, "तुमचाच धंदा करते की! दाबलं की बकरी."

"हाव, माझाच धंदा. म्हणूनच घेतली."

जिना चढताना त्यांनी मला थांबवलं. "एक सांग. बकरीचं ओरडणं कुठल्या भाषेत धरायचं?"

"आबा, बकरी बकरीच्या भाषेत ओरडते. ऑर्डरमध्ये जनावरांचं काही नाही."

त्यांनी मान हलवली. "पण माझी बकरी मराठी ओरडते. गेममधली वेगळी ओरडते. पोरीचा गोंधळ झाला तर? संशयाचा फायदा पोरीला दिला पाहिजे."

त्या दिवसापासून जनावरं बंद झाली.

सकाळी बूट घालताना मला खालचं दिसायचं. तन्वी यायची, हनुवटीवर बोट ठेवायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. आबासाहेब ओठ घट्ट मिटून घेत आणि टॅब तिच्यापुढे सरकवत. ती पुन्हा दाबायची. ते मान खिडकीकडे वळवत. सवयच लागली म्हणा, हळूहळू ते इतरांशीही कमी बोलायला लागले. भाजीवाल्याला बोटानं वांगी दाखवत. मी टोमणा मारला तर नुसती भुवई उडवत. ज्याच्या तोंडून कोर्टभर लोक बोलले, तो माणूस खुणांवर आला.

आणि तन्वी बोलली. टॅबला. "गोट."

परागनं गौलीगुड्याहून पेढे आणले. मग 'काऊ' आलं, 'डक' आलं. आबासाहेबांनी पेढा हातात धरूनच सुनेला विचारलं, "आता मी?"

"आत्ताच नको ना बाबा. आता कुठे सुरुवात झालीय. बाई म्हणाल्यात, दोन शब्द जोडून बोलायला लागू दे."

टॅब जुना होता. मध्येच अडकायचा. अनुराधा त्याच्यावर टिचकी मारायची, "नॉट वर्किंग, बेटा," म्हणायची आणि बंद करून पुन्हा सुरू करायची. तन्वी धीरानं वाट बघायची. हनुवटीकडे जाणं तिनं केव्हाच सोडलं होतं.

परवाच्या रविवारी टॅब चार्जिंगला लावलेला होता. आम्ही सगळे हॉलमध्ये बसलो होतो. तन्वी इकडे तिकडे फिरली आणि बऱ्याच दिवसांनी आपणहून आबासाहेबांच्या मांडीवर चढली. मी चहाचा कप खाली ठेवला.

तिनं हनुवटी दाबली.

आबासाहेबांनी सुनेकडे बघितलं. ती फोनमध्ये होती. मी मनात म्हटलं, ओरडा आबा, एकदाच ओरडा. पण ओठ मिटलेलेच राहिले.

तिनं पुन्हा दाबलं. मग डावा कान ओढला. मग पोटावर सपाट हात मारला. कुठूनच काही आलं नाही. तिनं टिचकीही मारून बघितली, गालावर. मग मांडीवरून घसरत खाली उतरली, आईपाशी गेली, आजोबांकडे बोट केलं आणि स्वच्छ बोलली, "नॉट वर्किंग."

अनुराधाचा फोन खाली पडला. "पराग! ऐकलंस? दोन शब्द! जोडून!" परागनं पोरीला उचलून वर उडवलं. "वन्स मोअर, बेटा, वन्स मोअर!"

वरून आजोबांकडे बघत ती पुन्हा म्हणाली, "नॉट वर्किंग." दोघांनी टाळ्या पिटल्या. आबासाहेबांनीही पिटल्या, सगळ्यांत मोठ्यानं.

मी त्यांच्याजवळ सरकलो. "आबा, झाले दोन शब्द. ऑर्डर संपली. आता तरी ओरडा."

त्यांनी तोंड उघडलं. घसा खाकरला. मग हनुवटीवरून हात फिरवत, मलाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, "नको. साक्ष बरोबर आहे पोरीची. खोडण्यासारखं काही नाही."