पॅसेजमधल्या रेघा

आमच्या मजल्यावर दारापासून लिफ्टपर्यंत खडूच्या आडव्या रेघा दिसल्या, तेव्हा मला वाटलं, पोरांचा खेळ असेल. तेवढ्यात शेजारच्या कुंदाताई बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या, पाय फरशीला चिकटल्यासारखे. त्यांनी खाली पाहिलं, पहिली रेघ ओलांडली, मग दुसरी, आणि झपझप लिफ्टशी पोचल्या.

"पार्किन्सन्स आहे," त्या म्हणाल्या. "सपाट फरशीवर पाय अडतात. रेघ दिसली की उचलतात."

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. हात स्थिर होते. वयही पन्नाशीच्या आतलं. हा आजार म्हणजे म्हाताऱ्या माणसांचे थरथरते हात, एवढीच माझी अक्कल. सपाट वाट सोपी असते, हेही मी आयुष्यभर कुणाला न विचारता धरून चाललो होतो.

दुपारी सोसायटीच्या सेक्रेटरींनी रेघा पुसून घेतल्या. "पॅसेज खराब दिसतो हो, ताई."

"दिसू दे. मला चालायचंय."

आज सकाळी रेघा परत होत्या, पिवळ्याधमक. बोट लावून पाहिलं, तर ऑइलपेंट, अजून ओला. ताई मात्र त्या ओलांडून केव्हाच बाहेर पडल्या होत्या.