घाटंजीजवळची न उमलणारी जास्वंद

झाड बघायला यवतमाळ जिल्ह्यात कोणी जात नाही, मी गेलो. माझा जुना विद्यार्थी देविदास फोनवर म्हणाला, "सर, सुनीताचं झाड याडी उपटून टाकते म्हनते. तुमी एकडाव येऊन पाहा." याडी म्हणजे त्याची आई. सुनीता धाकटी बहीण. दोन वर्षांपूर्वी तापात गेली. तिने लावलेल्या झुडपाची एकही कळी कधी उमलली नव्हती, आणि घरातली पोर गेल्यापासून याडीच्या लेखी ते झाड अशुभ ठरलं होतं.

अमरावतीहून सकाळची एसटी धरलीत तर नेर, यवतमाळ करत दुपारपर्यंत घाटंजी येतं. रस्ता बरा, काही खड्डे मात्र अनादी-अनंत. दोन्ही बाजूंना कपाशीची वेचणी चालू होती. स्टँडजवळ झणझणीत रस्सा ओतलेले तर्री-पोहे जरूर खा. डोळ्यांतलं पाणी निदान तिथे तरी तर्रीवर ढकलता येतं. तिथून देविदासच्या बंजारा तांड्यापर्यंत ऑटोवाला शंभर रुपये घेतो.

"कोनाकडं लगन हाये?" त्याने विचारलं.

"झाड पाहायला आलोय."

"मंग पसंती आजच सांगान, का घरी जाऊन?"

अंगणात याडीने पाणी दिलं आणि झाडाकडे न बघता म्हणाली, "पाहा गुरजी. नुसत्या कळ्याच कळ्या. ताक घातलं, राख घातली. कायले ठेवाचं असं झाड?"

झुडूप पुरुषभर उंच, हिरवंगार. लालभडक कळ्या मिरच्यांसारख्या लोंबत होत्या. मी त्या आधीही पाहिल्या होत्या. देविदासच्या वास्तुशांतीला आलो होतो तेव्हा सुनीता देवीसाठी एक खुडत होती, आणि मी चहाचे घोट घेत शास्त्र सांगितलं: कमळ नि चाफा सोडला तर देवाला कळी वाहत नाहीत. कोणी विचारलं नव्हतं. तिने लगेच हात मागे घेतला. त्या दिवसापासून याडीने झाडाला कोणालाच हात लावू दिला नाही. सुनीताच्या फोटोलाही बाजारातल्या झेंडूचाच हार.

आता जवळ जाऊन पाहिलं. एका कळीच्या टोकातून दांडी बाहेर आलेली, तिच्यावर पिवळे पराग. कळीतून पराग कसे? आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंना फोटो पाठवला. उत्तर लगेच आलं: मिरची जास्वंद, मूळची मेक्सिकोकडची. पाकळ्या जन्मभर गुंडाळलेल्याच राहतात. हेच पूर्ण उमललेलं फूल.

मी याडीला सांगितलं.

"म्हंजे हे फूलच व्हय?"

"हो."

"तवाबी फूलच होतं?"

मी मान डोलावली.

"पोरीनं हात लावला होता, अन् आपुन नाही म्हनलं."

सगळा दोष माझा असताना अर्धा तिने स्वतःकडे ठेवून घेतला. मग उठली, पदर पसरून फुलं खुडायला लागली. खालच्या फांद्या संपल्या तेव्हा वरची फांदी देविदासने वाकवून धरली. फोटोपुढे ढीग झाला, आणि तिथेच बसून ती रडली. मी बाहेर अंगणात उभा राहिलो.

"आता उपटतं का मंग?" देविदासने हळूच विचारलं.

"गप रे," ती आतून म्हणाली. "गुरजीले फांद्या दे."

तुम्हाला ही जास्वंद लावायची असेल तर बी शोधू नका, ते सहसा धरतच नाही. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी घ्या, खालची पानं काढा, दोन पेरं मातीत जाऊ द्या. मुळं फुटेपर्यंत सावली आणि ओल. मग भरपूर ऊन.

ओल्या फडक्यात गुंडाळून तीन फांद्या घरी आणल्या. दोन वाळल्या. तिसरीला परवा पान फुटलं. बायको म्हणाली, "फुलं आली की देवाला चालतील का हो?" शास्त्र सांगायला मिळतं म्हणून असा प्रश्न मला आयुष्यभर आवडत आला आहे. मी फक्त म्हटलं, "तुला वाटेल तेव्हा तोड."