समुद्राकाठचं कॉलेज आणि आम्ही तीन नागपूरकर

हसण्यासारख्या गोष्टी कोणी मुद्दाम जमवत नाही, त्या आपोआप साचत जातात. आमच्या तर इतक्या साचल्या आहेत, की सुधाकर त्याचं इतवारीतलं मेडिकल स्टोअर मुलाच्या हवाली करून रविवारी सकाळी माझ्या नंदनवनच्या घरी आला, की चहाचं आधण ठेवतानाच बायको विचारते, "आज कोणता किस्सा?" तिला सगळे पाठ आहेत. आम्हालाही आहेत. तरी सांगतो!

फरक एवढाच, की पूर्वी किस्सा संपला की आम्ही हसायचो. आता हसून झाल्यावर दोघंही थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसतो.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं. नागपुरात फार्मसीला जागा मिळाली नाही, म्हणून आम्ही तिघं पार मुंबईच्या पलीकडे, समुद्राला खेटून असलेल्या एका उपनगरातल्या कॉलेजात जाऊन पडलो. मी, म्हणजे प्रकाश, खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीतला. सुधाकर इतवारीतल्या भांडेवाल्याचा मुलगा. आणि निळू, म्हणजे नीळकंठ, काटोलकडच्या एका खेड्यातला. घरी संत्र्याची बाग. दोन वर्षांचा डिप्लोमा, एक हॉस्टेल, एक खोली, तीन खाटा.

*

तिकडची पोरं उन्हाला फार घाबरायची. ऑक्टोबर लागला की वहीने वारा घेत म्हणायची, "काय हे ऊन!"

सुधाकरला ते सहनच व्हायचं नाही. "हे ऊन? अबे, आमच्याकडे मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेले चिकटते! याले तर आम्ही सावली म्हणतो!"

त्याच आठवड्यात आमचं मलमाचं प्रॅक्टिकल होतं. लॅब वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रे. खिडकीतून समुद्र दिसायचा, पण वारा म्हणून नाही. आमच्याकडचा घाम आला तसा वाळतो. तिथला वाळतच नाही, नुसता वाहत राहतो. अर्धा तास खल घोटून झाला आणि सुधाकर खलासकट खाली!

प्रॅक्टिकल घेणाऱ्या सामंत सरांनी शांतपणे अमोनियाची बाटली उघडून त्याच्या नाकाशी धरली. त्याने डोळे उघडले, तेव्हा सर वाकून विचारत होते,

"काय रे, सावलीत चक्कर आली?"

*

निळूने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो आमच्याबरोबरच. किती तरी वेळ तो नुसता उभाच. कमरेवर हात, नजर लांब. आम्हाला वाटलं, गडी भारावला. आम्हीही आदराने शेजारी उभे राहिलो.

शेवटी तो म्हणाला, "एवढं पाणी... अन् एका झाडाले देता नाही येत!"

घरी पाठवलेल्या पत्रातही त्याने समुद्राविषयी तेवढीच एक ओळ लिहिली. उलट टपाली त्याच्या बापाचं कार्ड आलं. त्यातही एकच ओळ होती: "मंग तू तिथं काहून राहून राहिला?"

ते कार्ड आम्ही आख्ख्या हॉस्टेलात फिरवलं. निळूही हसला. पण त्यानंतर त्याने घरची पत्रं आमच्यासमोर कधी फोडली नाहीत.

*

आता बोलण्याचा किस्सा. पहिल्याच व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला काहीतरी विचारलं. मी म्हणालो, "सर, मले आठवून राहिलं."

"कोण राहिलं?" त्यांनी विचारलं. "कुठे राहिलं?"

दाराशी रांगेत उभ्या असलेल्या पोरांनी ते ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत माझं नाव 'राहिला' पडलं. "राहिला जेवला का?" "राहिला कुठे राहिला?" मी त्या दिवशी ठरवलं, बस! दोन महिन्यांत मी 'मला', 'तुला', 'का बरं' असं बोलायला लागलो. आरशासमोर उभा राहून सराव केला. सुधाकर अर्धामुर्धा बदलला. निळू मात्र जसाच्या तसा. तो सरांनाही "काहून सर?" असंच विचारायचा.

एकदा वर्गाबाहेर तो असंच काही बोलला आणि सगळे हसले. आमच्या वर्गातली एक मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "हा तुमच्याकडचाच ना?"

मी म्हणालो, "छे! मी नागपूरचा. तो खेड्यातला आहे."

निळू माझ्या मागेच उभा होता. मला माहीत नव्हतं. तो पुढे आला आणि त्या मुलीला समजावून सांगावं तसं म्हणाला, "बरोबर सांगून राहिला तो. मी खेड्यातलाच हाय."

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्या रात्री मेसमध्ये त्याने रोजच्यासारखी माझ्यासाठी शेजारची जागा धरून ठेवली होती.

पुढे निळू गावी गेला. तिथे औषधाचं दुकान टाकलं. पंचक्रोशीतली म्हातारी माणसं डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आधी त्याच्याकडे यायची, कारण गोळी कधी घ्यायची हे निळू सांगायचा तसं त्यांना दुसऱ्या कोणाचं कळायचं नाही. चाळीस वर्षांत आम्ही पन्नास वेळा तरी भेटलो. दर वेळी वाटायचं, आज त्या दिवसाचा विषय काढू. दर वेळी तो आधी संत्री पुढे करायचा आणि विषय राहून जायचा. मागच्या वर्षी निळू गेला.

*

माझी भाषा शुद्ध झाली, त्याचे परिणाम सुधाकरलाही भोगावे लागले!

निर्मला नावाची मुलगी आमच्या बॅचला होती. त्याच उपनगरातली, घरी केळीची वाडी. तिला सुधाकरचं बोलणं आवडायचं. "एकदा 'काहून' म्हणा ना," असं ती त्याला सारखी म्हणायची. सुधाकरला वाटायचं ती थट्टा करते. त्यामुळे ती समोर आली की तो मुका! आणि खोलीवर आला की आमच्यासमोर उसासे.

दुसरं वर्ष संपत आलं, तेव्हा तो मला म्हणाला, "प्रकाश, तू मले एक चांगलं वाक्य लिहून दे. बह्याडासारखं, येड्यासारखं नको वाटायला."

मी दोन दिवस खपून वाक्य लिहिलं. अजून पाठ आहे. "आपल्या सहवासातील हे सोनेरी क्षण माझ्या अंतःकरणात सदैव तेवत राहतील, आणि हा सहवास आजन्म लाभावा, हीच मनीषा!"

सुधाकरने ते घोकलं. कॉलेजच्या मागे, सुरूच्या झाडांखाली, तिला थांबवून एका दमात म्हटलं. मी आणि निळू थोड्या अंतरावर उभे होतो. निर्मलाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि चक्क टाळ्या वाजवल्या.

"किती छान! उद्याच्या निरोप समारंभात हेच बोला!"

आणि आमचा बहाद्दर दुसऱ्या दिवशी खरंच उभा राहिला, आणि प्राचार्यांसमोर तेच बोलला! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सामंत सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

इथवरचा किस्सा सुधाकर स्वतःच रंगवून सांगतो. पुढचा मी तो घरी गेल्यावर सांगतो. पंधराएक वर्षांनी पुण्याला फार्मासिस्टांच्या एका शिबिरात मला निर्मला भेटली. संसार, मुलं, सगळं छान. चहा पिताना म्हणाली, "सुधाकर कसे आहेत हो? मी वाट बघितली होती त्यांची. पण ते माझ्याशी कधी धड बोललेच नाहीत. बोलले ते एकदाच, आणि तेही भाषण!"

मी सुधाकरला हे अजून सांगितलेलं नाही.

*

मेस चालवायच्या त्या शेवंताकाकी. नवरा मासेमारीच्या होडीवर, मुलगा होडीवर, आणि काकी आम्हा चाळीस पोरांवर! त्यांचे गुडघे फार दुखायचे. उकळत्या भाताचं पातेलं उतरवताना तोंडातून 'आई गं' निघायचं.

आम्ही तिघांनी ठरवलं, आपण आता औषधवाले, काकींना औषध करून द्यायचं. सामंत सरांची परवानगी घेतली. कापूर, टर्पेंटाइन, मऊ साबण. निळूने बसून झकास घोटलं. मी बाटलीवर सुंदर अक्षरात लेबल लावलं. 'गुडघ्यांना चोळण्यासाठी'. आमच्या हातचं पहिलं औषध!

काकींनी बाटली दोन्ही हातांनी घेतली.

महिन्याभराने पाहतो, तर काकी अजून तशाच लंगडत होत्या. आम्ही काळजीत पडलो. प्रमाण चुकलं की काय? सुधाकर म्हणाला, "काकी, फरक नाही पडला काय?"

काकी आम्हाला आत घेऊन गेल्या. देव्हाऱ्यात, देवांच्या शेजारी, बाटली उभी. बूचसुद्धा उघडलेलं नव्हतं.

"अहो काकी, लावलं का नाही?"

"लावलं असतं तर संपलं असतं ना रे बाबांनो!"

नोकरी लागल्यावर आम्ही काकींना भेटायला जायचं ठरवलं होतं. दर उन्हाळ्यात ठरवलं होतं.

*

शेवटचा किस्सा माझा. खापरखेड्याच्या कॉलनीत तो सगळ्यांना माहीत आहे, पण अर्धाच.

माझे बाबा वीज केंद्रात कोळशाच्या यार्डात कामाला होते. छप्पन्न साली त्यांनी स्वतः दीक्षा घेतलेली. भेटेल त्या माणसाला ते मोठ्या आवाजात "जयभीम!" म्हणत. ओळखीचा असो की नसो. इकडे कॉलेजात मी माझं आडनाव हळू आवाजात सांगायला शिकलो होतो.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात बाबा अचानक आले. दोन दिवसांची रजा, अंगात वीज केंद्रातून मिळालेली खाकी पँट, पिशवीत आईने दिलेले तिळाचे लाडू. खोलीवर मी एकटाच होतो. पाणीसुद्धा पुरतं प्यायले नाहीत आणि म्हणाले, "समुद्र दाखव गा मले."

संध्याकाळी पाच वाजले की आमचं सगळं कॉलेज किनाऱ्यावर लोटायचं. पोरं, पोरी, सर, त्यांच्या बायका, भेळवाले, फुगेवाले. पाय ठेवायला जागा नसायची. मी घड्याळ पाहिलं. साडेबारा झाले होते.

"आत्ताच जाऊ बाबा," मी म्हणालो. "संध्याकाळी मला प्रॅक्टिकल आहे."

प्रॅक्टिकल नव्हतं.

भर दुपारी आम्ही दोघं किनाऱ्यावर गेलो. वाळू तापलेली. एक चिटपाखरू नाही. बाबांनी चपला काढून हातात घेतल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात जाऊन उभे राहिले. लाट आली की लहान मुलासारखे मागे सरकायचे, पुन्हा पुढे जायचे. मी सारखा रस्त्याकडे बघत होतो.

तासाभराने ते बाहेर आले. इकडे तिकडे नजर टाकून म्हणाले, "इथं कोणीच येत नाही काय गा?"

"नाही बाबा. इकडे कोणी येत नाही."

बाबा पुन्हा समुद्राकडे वळले. मग म्हणाले, "मंग तू येत जाय अधूनमधून."

संध्याकाळच्या गाडीने मी त्यांना बसवून दिलं. पाच वाजायच्या आत.

त्यानंतर बाबा वीस वर्षं जगले. समुद्र काही पुन्हा पाहिला नाही. पण आमच्या कॉलनीत मी सोडून समुद्र पाहून आलेला तो एकच माणूस, म्हणून कोणाकडे पाहुणे आले, कोणाचं पोर मुंबईला निघालं, की लोक बाबांना बोलावून घ्यायचे. "सांगा ना, समुद्र कसा असते?"

बाबा खुर्चीवर नीट सावरून बसायचे. दोन्ही हात पसरायचे.

"लय मोठा हाय गा," ते म्हणायचे. "लय मोठा. पण बिचाऱ्याकडे कोणी फिरकत नाही."