सुतकात दिलेलं घंगाळ

सुकापूरला आमच्या सोसायटीपासून पाच मिनिटांच्या अंतरावर विजेच्या गाड्या चार्ज करायची जागा आहे. दोन चार्जर, वर पत्रा, बाजूला सिमेंटचा बाक. बहिणीच्या आजारपणाच्या वर्षात आम्ही दोघी त्या बाकावर पुष्कळ बसलो. गाडी तिची. निवृत्त झाल्यावर तिने ती हौसेने घेतली होती आणि शेवटचे दोन महिने सोडले तर तीच चालवायची. मी गाडी चालवायला कधी शिकले नाही. चार्जिंग होईपर्यंत मी तिला काहीतरी वाचून दाखवत असे. ती मोबाइलवर आकडा बघत म्हणायची, "ऐंशी टक्के झाले. परिच्छेद पूर्ण कर, मग निघू."

ती गेली तेव्हा घरात आम्ही दोघीच होतो. दोघींचीही लग्नं झालेली नव्हती, त्यामुळे दिवस करायला चुलतभाऊ आला.

आमच्याकडे कामाला येणारी बाई डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतली. आमच्या इमारतीत ती पाच घरची कामं करायची. बहिणीचे पाय सुजत, म्हणून ती रोज संध्याकाळी तांब्याच्या घंगाळात कोमट पाणी घेऊन त्यात तिचे पाय ठेवी आणि खाली बसून चोळी. घंगाळ आईचं होतं. काठावर टिंबाटिंबांनी आईचं नाव घातलेलं. बहीण गेल्यावर ते न्हाणीघरात तसंच पडून होतं. तिसऱ्या दिवशी मी तोंड धुवायला गेले, ते दिसलं, आणि मी त्या बाईला म्हटलं, हे घेऊन जा.

ती म्हणाली, "आता नको ताई. दहा दिस होऊ द्या. सुतकातली वस्तू घरात नेत नाय."

मी म्हटलं, "मग घरात ठेवू नकोस. विकून टाक. पण आज ने."

मग ती जुन्या चादरीत घंगाळ बांधून घेऊन गेली. चुलतभाऊ तेव्हा बाहेर गेला होता आणि मी त्याला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. सुतक आहे म्हणून येत नसेल, असं मी धरून चालले.

त्या दिवसांत शेजारच्या वहिनी दोन्ही वेळचं जेवण आणून देत. पिठलं, भात, कधी मुगाची आमटी. डबा ठेवायच्या, दोन मिनिटं बसायच्या, हवेविषयी काहीतरी बोलायच्या आणि उठायच्या. लोक हळू आवाजात बोलत. कोणी टीव्ही मोठा लावत नव्हतं. मला हे सगळं बरं वाटत होतं.

तेरावा झाला, चुलतभाऊ गेला. चौदाव्या दिवशी सकाळी मी पुस्तक घेऊन चार्जरपाशी गेले. वाचायचं असं नव्हतं, नुसतं बाकावर बसायचं होतं. दोन्ही चार्जरच्या केबली नव्हत्या. खोक्यातून वीतभर काळी नळी बाहेर आलेली आणि तिच्या कापलेल्या तोंडातून तांब्याच्या बारीक तारा केसांसारख्या पिंजारलेल्या. मी तिथे थोडा वेळ बसले आणि परत आले.

जिन्यात वहिनी भेटल्या. मी म्हटलं, "चार्जरच्या केबली कोणी नेल्या हो?"

"त्याला आता दहा दिवस झाले की. तांब्यासाठी कापतात मेले," वहिनी म्हणाल्या. "पण चोर सापडलाय. तुम्हाला सांगणार नव्हते मी. तुमच्याच बाईचा नवरा."

मी विचारलं, कशावरून.

"त्याच आठवड्यात पळस्प्याकडच्या भंगारवाल्याकडे तांबं विकताना दिसला. सेक्रेटरींनी स्वतः पाहिलं. आणि वॉचमन म्हणतो, बाई चादरीत काहीतरी जड बांधून बाहेर गेली होती."

"वॉचमनने मला फोन नाही केला." बाई काही घेऊन निघाली की वॉचमनने घरी फोन करून विचारायचं, असा आमच्याकडे नियम आहे.

"मयत झालेल्या घरी कसा करणार हो फोन? बरं दिसतं का ते?"

"तो नवरा काय म्हणाला?"

"म्हणतो, ताईंनी घंगाळ दिलं. सेक्रेटरी म्हणाले, अरे, सुतकात कोण भांडं देतं? थाप मारायची तर जरा बरी मार."

मी म्हटलं, "मी दिलं होतं."

वहिनींनी हातातली पिशवी खाली ठेवली. "अगं बाई. मग बोलला का नाहीत?"

"मला विचारलं कोणी?"

"विचारायचंच होतं. पण म्हटलं, तुमच्यावर एवढं आभाळ कोसळलंय, त्यात हे कुठे काढायचं."

त्यांच्याकडून उरलेलं कळलं. नवऱ्याला रोज सकाळी पोलीस चौकीवर जाऊन संध्याकाळपर्यंत बसावं लागत होतं, त्यामुळे त्याची बांधकामावरची रोजी गेली होती. तिचं गेटचं कार्ड काढून घेतलं होतं. पाचही घरची कामं सुटली होती. हे सगळं आमच्या दारापासून दोन जिने खाली चाललं होतं आणि मी पिठलं-भात खात होते.

मी रिक्षा करून पळस्प्याला गेले. भंगारवाले साठीचे, दाढी पांढरी, खुर्चीत बसून उर्दू पेपर वाचत होते. मी घंगाळाचं सांगितलं. त्यांनी पेपर घडी करून ठेवला.

"आपल्या घरात मय्यत झाली? बहीण? अल्लाह आपल्याला सब्र देवो." मग म्हणाले, "पोलीस आले होते. विचारलं, याने तांबं विकलं का? मी म्हटलं, विकलं. कुठलं तांबं, ते त्यांनी विचारलंच नाही. मी सांगायला लागलो तर म्हणाले, चाचा, जेवढं विचारलं तेवढं बोला."

"ते अजून आहे?"

"बाकी गेलं. नावाचा तुकडा आहे. नाव घातलेलं भांडं आलं की तेवढा तुकडा मी बाजूला ठेवतो, माझ्या वालिदांपासूनची, वडिलांपासूनची पद्धत आहे ही. महिनाभर ठेवायचा. कोणी ना कोणी शोधत येतं."

त्यांनी आत जाऊन डब्यातून तुकडा आणला. घंगाळ ठोकून सपाट केलं होतं, मग कापलं होतं. आईचं पहिलं नाव पूर्ण होतं, आडनाव अर्धं. मी म्हटलं, त्याने असं ठोकून कशाला आणलं?

"आख्खं घंगाळ हातात घेऊन तो रस्त्याने चालला असता, तर कोणीही विचारलं असतं, कोणाच्या घरातून उचललंस," ते म्हणाले. "गरिबाला तांबं नेणं मुश्किल आहे, बाई. केबलचं तांबं तर बघता क्षणी कळतं. केसासारखं बारीक असतं ते. मी घेत नाही."

तुकडा घेऊन मी तशीच चौकीवर गेले. तिचा नवरा भिंतीपाशी उकिडवा बसला होता. मला पाहून उठला. हवालदारांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला, नाव वाचलं, माझा जबाब लिहून घेतला.

"मॅडम, एवढे दिवस का नाही आलात?"

"सुतक होतं," मी म्हटलं. ते खरं कारण नव्हतं, पण त्यांना ते पटलं. त्यांनी मान डोलावली आणि नवऱ्याला म्हणाले, "जा तू. उद्यापासून येऊ नको."

सेक्रेटरींनी गैरसमज झाल्याचं कबूल केलं. कार्ड परत करायला त्यांना माझ्याकडून लेखी पत्र हवं होतं, ते मी दिलं. केबली खरोखर कोणी नेल्या ते अजून कळलेलं नाही. चार्जरवर नव्या केबली आल्या, वर कॅमेरा बसला.

बाई त्यानंतर चौथ्या दिवशी आली. दारातच उभी राहिली. मी म्हटलं, "तू तरी वर यायचंस. मला सांगायचंस."

"आले होते ताई. दोनदा. गेटावर म्हनाले, मयताचं घर हाय, भांडन घेऊन जाऊ नको."

"मग निरोप द्यायचास."

"कोनाकडं?" ती म्हणाली.

पाचांपैकी तीन घरांनी तोवर दुसरी बाई ठेवली होती. ती आता माझ्याकडे आणि वहिनींकडे येते. नवऱ्याला जासईकडे एका गोदामात हमाली मिळाली आहे.

मागच्या आठवड्यात मी बहिणीचं कपाट उघडलं. सुती साड्या बाजूला काढल्या आणि बाईला म्हटलं, या तू ने. तिने हात पुढे केला नाही.

"कागदावर लिहून द्या," ती म्हणाली. "कोनती साडी, कोनी दिली. खाली सही करा."

मी वही घेऊन बसले. निळी, बारीक काठाची, एक. पिवळी, कोपऱ्यात रफू केलेली, एक. या माझ्या बहिणीच्या होत्या, मी माझ्या इच्छेने देत आहे. तिने तो कागद दोनदा घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत, गेटच्या कार्डाजवळ ठेवला आणि मग साड्या उचलल्या. कपाटात अजून बरंच आहे. ती एका दिवशी एका कागदावर मावेल एवढंच नेते.