लाल दोऱ्याचं शास्त्र

डिंगोऱ्याच्या मंडळीतल्या बहिरू गवंड्याला वाचता येत नव्हतं, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक खुद्द बहिरूला आणि दुसरं त्याच्या बायकोला, शीलाबाईला.

आता गंमत अशी, की याच बहिरूचा उपदेश ऐकायला कळंबपासून माणसं यायची. मंडळी म्हणजे पत्र्याची एक खोली आणि बावीस ख्रिस्ती घरं. पाळक महिन्यातून एकदा जुन्नरहून येत, बाकीचे रविवार बहिरूचे. आवाज खणखणीत, हातात पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडं, मान ताठ. शंका घ्यायचं कुणाला कारणच नव्हतं. शास्त्राच्या पुठ्ठ्याला वरच्या कडेला शीलाबाईनं लाल दोऱ्याचे तीन टाके घातले होते. दोरा वर, म्हणजे पुस्तक सुलटं. एवढ्या खुणेवर या माणसानं अकरा वर्षं काढली.

उपदेश तयार व्हायचा शनिवारी संध्याकाळी, घराच्या ओट्यावर. शीलाबाई अंगणवाडीत मदतनीस होती. लहानपणी बोर्डिंगात सातवीपर्यंत शिकलेली, आणि वाचायची हौस इतकी, की भेळीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय चुलीत घालायची नाही. लसूण सोलता सोलता ती अध्याय वाचायची आणि त्याचा अर्थ आपल्या भाषेत सांगायची. बहिरू डोळे मिटून ऐकायचा. दुसऱ्या दिवशी तेच शब्द त्याच्या तोंडून निघायचे आणि शीलाबाई बायकांच्या सतरंजीवर बसून स्वतःचंच बोलणं ऐकायची. लोक ‘आमेन’ म्हणाले की तिला आनंद व्हायचा, आणि रुखरुखही लागायची. एकदा तरी हे आपल्या तोंडानं बोलावं, एवढीच तिची इच्छा होती. ती तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

नवऱ्याला ती न सांगताच कळली होती. यंदा सिमेंटच्या धुळीनं त्याची छाती धरली. चार वाक्यं बोलला की दम लागायचा. त्यात पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, पाळक दुसऱ्या गावी जाणार होते. बहिरूनं पंचांसमोर सरळ सांगून टाकलं, “यंदा माज्याच्यानं व्हायचं नाय. शीलाला बोलू द्या.”

सावळेराम गुरुजी खुर्चीतून उठलेच. निवृत्त शिक्षक आणि मुख्य पंच. अख्खं शास्त्र अध्याय-वचनासकट तोंडपाठ. “बाई उपदेश करणार? आधी शास्त्र काय म्हणतं ते बघा!” पाळकांनी फोनवरूनच तोडगा काढला, की येत्या रविवारी उपासना झाल्यावर सगळ्यांसमोर शास्त्र उघडा आणि ठरवा. फोनवरून सांगायला त्यांचं काय जातंय!

शनिवारी बहिरूनं विचारलं, “काय म्हणतं गं शास्त्र?”

शीलाबाईनं लसूण बाजूला सारला. आधी तिनं फिबीचं वाचलं. मंडळीची सेविका होती ती, खुद्द प्रेषित पौलानं पत्रात तिची शिफारस केलेली. मग मग्दालीया मरीयेचं वाचलं. प्रभू कबरेतून उठल्याची बातमी शिष्यांकडे नेली ती तिनं. बहिरूचा चेहरा खुलला.

शीलाबाईच्या मनात आलं, पुढची पानं उलटलीच नाहीत तर? त्याला कसं कळणार होतं? ती वाचेल तेच त्याचं शास्त्र, इतका त्याचा तिच्यावर भरवसा. पाठोपाठ तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. तिनं पानं उलटली. पौलानंच करिंथकरांना लिहिलेल्या पत्रातलं ते अवघड वचन तिनं सावकाश वाचलं. बायांनी मंडळीत गप्प राहावं, काही शिकायचं असेल तर घरी नवऱ्याला विचारावं.

बहिरूनं डोळे उघडले. मग बहिरू म्हणाला, “म्हंजी तू मला इचारायचं?”

दोघंही हसत सुटली. हसता हसता बहिरूला खोकल्याची उबळ आली, तेव्हा कुठे शीलाबाई थांबली.

रविवारी उपासना संपली तरी कुणी उठलं नाही. बहिरूनं दम खात खात फिबी आणि मरीया सांगितल्या आणि आपलं शास्त्र टेबलावर ठेवलं. गुरुजी टेबलापाशी आले.

“हे मलाही ठाऊक आहे. बहिरू, माझी बायको वारली तेव्हा मी दारूत बुडालो होतो. तुमच्या मार्थेवरच्या उपदेशानं मी उठलो. भाऊ मेला तरी ती प्रभूला सामोरी गेली, त्याला जाब विचारला, पण विश्वास सोडला नाही. ते सांगणाऱ्या तोंडानं शास्त्राला बगल देऊ नका. पहिलं करिंथकर, अध्याय चौदा, वचन चौतीस. वाचा.”

आणि त्यांनी आपलं उघडं शास्त्र टेबलावरून तसंच पुढे केलं. बहिरूनं ते आलं तसं हातात धरलं.

त्याची बोटं वरच्या कडेवर दोरा शोधत होती. शीलाबाईला सतरंजीवरून पुठ्ठ्यावरचा सोनेरी क्रूस दिसला. तो उलटा होता.

“काकू,” शेजारची प्राची कुजबुजली, “काकांचं पुस्तक...”

गप्प बसावं, तर नवऱ्याची अब्रू जाते. उठावं, तर गुरुजींच्या हाती कोलीत. शीलाबाई उठली. डोक्यावर पदर घेतला, पुरुषांच्या सतरंजीवरून वाट काढत टेबलापाशी गेली आणि पुस्तक घेऊन सुलटं केलं.

“ह्यांना दम लागलाय. मी वाचते.”

एक शब्द न गाळता तिनं वाचलं.

“झालं?” गुरुजी म्हणाले. “तुम्हीच वाचलंत. आता बसा खाली.”

शीलाबाई बसली नाही. तिनं तीन अध्याय मागची पानं काढली. “गुरुजी, हेच पत्र, अकरावा अध्याय. प्रार्थना करणाऱ्या, संदेश देणाऱ्या बाईनं डोकं झाकावं म्हणलंय. गप्पच बसायचं, तर मग हे कशाला सांगितलं? मला ह्या दोन्हींचा मेळ लागत नाय. पण मी दोन्ही वाचते. तुमी एकच वाचता.”

“हे तुम्हाला बहिरूनं शिकवलं?”

“मला वाचाया येत नाय, गुरुजी,” बहिरू म्हणाला.

शीलाबाईनं त्याचा दंड घट्ट धरला. त्यानं तिचा हात हळूच सोडवला.

“दम लागलाय हे खरं, पण वाचाया कधीच येत नव्हतं. अकरा वर्सं ही सांगती अन् मी बोलतो. माजा नुसता आवाज.”

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही.

“मार्थासुद्धा?”

“व्हय. ती पन हिचीच.”

“त्या दिवशी मी पिऊन दारात उभा होतो,” गुरुजी हळू म्हणाले. “आत बाई बोलतेय असं दिसलं असतं, तर मी तसाच परत गेलो असतो.”

त्यांनी टेबलावरचं लाल दोऱ्याचं शास्त्र उचललं, टाक्यांवरून एकदा अंगठा फिरवला आणि ते शीलाबाईच्या हातात दिलं. मग ते खुर्चीकडे गेले नाहीत. खाली सतरंजीवर बसले.