विष्णुपंतांच्या सहीचा रिपोर्ट

विष्णुपंत गेल्याचं पोस्टकार्ड आलं तेव्हा मी दवाखान्यात एका पेशंटवर ओरडत होतो. कार्ड वाचलं, खिशात घातलं आणि पुन्हा ओरडायला लागलो. माझा स्वभावच तसा. पंतांनी तो पाच वर्षं सोसला.

माझ्या पाथर्डीच्या दवाखान्यात ते रक्त तपासायचे. काचेवर थेंब पसरायचा, रंगवायचा, धुवायचा आणि खिडकीच्या उजेडात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. "पंत, रक्त बघताय की पंचांग?" मी चिडवायचो. ते नुसते हसायचे... पेशंट बरा होऊन घरी जाईपर्यंत त्याची काच टाकून द्यायचे नाहीत.

दुष्काळाच्या साली सोजर आली. श्रीगोंद्याकडून ऊसतोडीवरून परतलेली, तापानं फणफणलेली. मी टायफॉईड ठरवून मोकळा झालो. थोड्या वेळानं पंत आत आले.

"डॉक्टरसाहेब, तांबड्या पेशींत मलेरियाचे जंतू दिसतायत."

"इथं प्यायला पाणी नाही, डास कुठून आणलेत? टँकरच्या गढूळ पाण्यानं काच धुतलीत, रंगाचा कचरा बसलाय तो."

"कचरा पेशीच्या वर बसतो, साहेब. हे आत आहेत. आणि बाई चार महिने कालव्याच्या कडेला राहून आलीय."

मी उठून बघायला हवं होतं. दोन पावलांवर होतं सगळं. पण बाहेर रांग, कंपाउंडर ऐकत उभा... माझा ताठा आडवा आला. "'काही आढळलं नाही' असं लिहा," म्हणालो. पंतांनी खाली मान घालून लिहिलं, सही केली. चौथ्या दिवशी सोजर गेली. मग मी ती काच बघितली. जंतूच होते.

रक्त तपासणाऱ्यानं घात केला, असा गावभर बोभाटा झाला. मी गप्प राहिलो. पंतही एका शब्दानं बोलले नाहीत. महिन्याभरात ते नगरला निघून गेले. जाऊन त्यांचे पाय धरावेत असं कितीदा मनात आलं, दर वेळी काहीतरी निमित्त काढलं. आता कुणाचे धरू?

मागच्या बाजारच्या दिवशी सोजरचा नवरा बाजीराव दवाखान्यात आला. पंतांची बातमी त्याच्याही कानावर गेली होती. बाकावर टेकला आणि म्हणाला, "डाक्टर, मानूस गेलं. आता राग धरून काय करायचं? आमी त्येंना माफ केलं हाय."

मला तेव्हाही तोंड उघडता आलं नाही. म्हणून हे लिहून छापायला दिलंय. बाजीरावाला वाचता येत नाही. गावातल्या कुणीतरी त्याला हे वाचून दाखवावं.