दहा मिनिटांत घट्ट होणारा धुरा

मी दातांची डॉक्टर. नाशिकला दवाखाना आहे, आणि सुट्टीच्या दिवशी मी खेळण्यातल्या आगगाड्यांसाठी डोंगर, झाडं, स्टेशनं बनवते. नवऱ्याच्या मते दोन्हीकडे माझं काम एकच, भोकं बुजवणं. तर हा ब्लॉग वाचून वाशीम जिल्ह्यातून नानांचा फोन आला. "बाई, माही गाडी बंद पडली. वावर उंदरानं खाल्लं. तुमी या." पत्ता विचारला तर म्हणाले, "कारंज्याले उतरा अन् मले फोन करा." एवढ्या आमंत्रणावर कोण निघतं? मी निघाले.

तुम्हाला जायचं असेल तर सांगते. रेल्वेने मूर्तिजापूरला उतरायचं, तिथून कारंजा लाडची एसटी धरायची. तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि तूर. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे बस बायकांनीच भरलेली. माझ्या मांडीवर पाच किलो प्लास्टरची पिशवी होती.

"पीठ हाय का वो?" शेजारच्या आजींनी विचारलं.

"नाही, दातांचं प्लास्टर आहे," मी म्हटलं, आणि तिथेच चुकले. कारंजा येईपर्यंत मी तीन तोंडं फुकट तपासली. एक बाई तर दाढ बसमध्येच काढून द्या म्हणून हटून बसल्या होत्या. स्टँडवर गरम कचोरी खाल्ली तेव्हा कुठे जीव थाऱ्यावर आला. पुढे नानांच्या गावापर्यंत रिक्षा.

नाना सत्तरीचे, शेतकरी. सोयाबीनच्या पोत्यांच्या खोलीत दोन फळ्यांवर त्यांनी लहानपणी पाहिलेली, आता बंद पडलेली अरुंद रुळांची छोटी लाइन उभी केली होती. आइस्क्रीमच्या काड्यांचं स्टेशन, स्वेटरच्या सुईचा सिग्नल, गोळ्यांच्या डबीची पाण्याची टाकी. माझ्या तोंडून "वा!" निघालं. मधोमध मात्र भलं मोठं भगदाड. नानांनी शेत करताना खरे तीळ आणि खरी ज्वारी कणकेच्या खळीने चिकटवली होती. उंदरांनी स्टेशनाला तोंडही लावलं नव्हतं, पीक तेवढं काढून नेलं होतं.

"नाना, पीक खोटं लावायचं असतं," मी म्हटलं.

"खोटं पीक? मंग पाहाचं कायले?"

रूळ नेमके त्याच शेतातून जात होते, त्यामुळे शेत झाल्याशिवाय गाडी चालणार नव्हती. माझी परतीची बस रविवारी दुपारी दोनची. पहिल्या दिवशी, शुक्रवारी, जाळी ठोकली, काळी माती चाळून घेतली. बाभळींसाठी नानांच्या बायकोने, काकूंनी, तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या दिल्या, तोडण्याआधी तुळशीला हात जोडून.

शनिवारी काकू गोवऱ्यांच्या आरात कणकेचे जाड रोडगे उलटत होत्या (वांग्याच्या भाजीबरोबर मी चार खाल्ले, लाज वाटत नाही). तेव्हा खरी गोष्ट कळली. शेताला इकडे वावर म्हणतात आणि बांधाला धुरा. मॉडेलमधलं ते शेत म्हणजे नानांचं खरं वावर, आणि त्याच्या धुऱ्यापलीकडचं वावर त्यांच्या धाकट्या भावाचं, बापूंचं. धुरा नक्की कुठून जातो यावरून दोघं भाऊ अकरा वर्षं बोललेले नव्हते.

"लहानपनी दोघंही त्या गाडीमांगं पयत," काकू म्हणाल्या. "आता एकमेकाच्या दारावरून जात नाईत. तुमी काई करा ना बाई."

"काकू, मी दातांची डॉक्टर," मी म्हटलं.

रविवारी सकाळी मी धुऱ्यासाठी प्लास्टर कालवत होते, तर दारात बापू उभे. नाशिकची बाई वावर मोजायला आली आहे, असं गावभर झालं होतं. ते आत आले, मॉडेलकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "त्याले सांगा, धुरा बाभयीच्या इकून होता."

नाना भिंतीकडे बघत म्हणाले, "त्याले सांगा, बाभूय मी लावेल हाय."

माझा पारा चढला. "हे दहा मिनिटांत घट्ट होतं. मग हातोडीच लागेल. काय ते आताच ठरवा!" आणि मी प्लास्टर ओतलं.

बापूंनी तिकडून अंगठ्याने धुरा इकडे ढकलला. नानांनी इकडून तिकडे. चार मिनिटं 'त्याले सांगा' चाललं, आणि मग नाना कडाडले, "अबे, हात काढ!"

काकू लगबगीने चहा टाकायला उठल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ते थेट भावाशी बोलले होते.

"तूच काढ ना बे! इथं विहिरीची वाट होती. साप पाहून तू रडला होता!"

"मी? तू रडला होता!"

धुरा राहिला बाजूला. नवव्या मिनिटाला मी ओरडले तेव्हा दोघांनी अंगठे काढले. धुरा वाकडातिकडा घट्ट झाला होता, दोन्ही बाजूंना एकेक अंगठ्याचा खड्डा. त्या मापाने बैलगाडी बुडेल एवढा. मी बुजवायला गेले तर दोघं एकदमच म्हणाले, "राहू द्या!"

रूळ बसवले. गाडी निघाली, धुऱ्यावर जरा उडाली, तिच्याबरोबर दोघं भाऊही दचकले, पण पडली नाही. बापू मात्र चहा न घेताच गेले, आणि नाना पुन्हा भिंतीकडे पाहू लागले. काकूंनी तुरीच्या डाळीची पिशवी दिली. दोनच्या बसमध्ये मला वाईट वाटलं. गाडी सुरू झाली होती, बाकी सगळं होतं तिथंच राहिलं होतं.

घरी आल्यावर दोन दिवस नखांतली काळी माती निघत नव्हती. फोटो पाहिले, डाळ शिजवली, नवऱ्याला रोडग्यांचं वर्णन करून छळलं. आठवड्याने नानांचा फोन आला.

"डॉक्टरीनबाई, त्या पावडरचं पोतं भेटते काय? खऱ्या धुऱ्याले लावाचं म्हनतो."

"मिळेल की. पण नाना, पोतं कुठलं पुरतंय तिथे!"

तेवढ्यात मागून बापूंचा आवाज आला, "इचार ना बे तिले, उशिरा घट्ट होनारी हाये का? दहा मिंटात आपलं कुठं बोलनं होते!"